काकूंचा लॉकवाला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर बिघडला की आपल्याकडे निदान आधीच ठरलेलं असतं आणि उपचारही. "व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारावं लागेल." हे वाक्य चौकातला दुकानदार म्हणतो, शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणतो, आणि ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही असा मेहुणा तर जरा जास्तच ठासून म्हणतो. या फॉरमॅट मारण्यावर माझा जुना राग आहे. मारणारा तासाभरात मोकळा होतो, मशीन टुणटुणीत दिसायला लागतं आणि घरातल्या कुणीतरी वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं गेलेलं असतं. गेलंय हे कळतंही उशिरा, एखादा जुना कागद शोधायला बसल्यावर.

साताऱ्यातल्या माझ्या मित्राच्या घरचा कॉम्प्युटर या संकटातून वाचला तो काकूंमुळे. काकू म्हणजे मित्राची आई. दुकानातून आलेला मुलगा सीडी काढून बसला तेव्हा त्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "नंतर माझं लॉक चालेल ना?" त्याला लॉक म्हणजे काय ते कळेना. काकूंनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मग मला मित्राचा फोन. "तू तरी सांग ना लेका आईला. तो डबा भंगारात द्यायच्या लायकीचा झालाय. नवा लॅपटॉप आणून देतो म्हणतोय, तर ऐकतच नाही."

पुण्याहून निघताना मी बॅगेत मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि स्क्रू-ड्रायव्हरचा संच घातला. काकूंना समजावण्याचं काम त्याचं त्याने बघावं.

कॉम्प्युटर २००३ सालचा. असेंबल केलेला, त्या काळी सगळेच घेत तसा: पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी आणि टेबलाची अर्धी जागा खाणारा काचेच्या नळीचा मॉनिटर. तो घरात आला तो मित्राच्या अभ्यासासाठी, असं मित्र सांगतो. प्रत्यक्षात त्याच्यावर पैसे मिळवले काकूंनी. त्या टायपिंग शिकलेल्या, मराठी ३० आणि ४० शब्दांची सरकारी परीक्षा पास झालेल्या. आधी घरी टाइपरायटर होता, मग हे मशीन आलं, आणि जॉबवर्क सुरू झालं. लग्नपत्रिकांचा मजकूर, सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि शिवाजी विद्यापीठाला सादर करायचे प्रबंध. डावीकडे बाइंडिंगसाठी दीड इंच समास सोडायचा, हे त्या अजून झोपेतही सांगतील.

मी मशीनजवळ बसलो तर काकूंनी एक डायरी आणून दिली. मागच्या पानांवर मशीनच्या तक्रारी तारीखवार लिहिलेल्या. "बटण चार वेळा दाबल्यावर चालू." "तारीख १ जाने. २००३ दाखवतो. एफ-वन दाबा म्हणतो." "लॉक सापडत नाही म्हणाला. बंद करून चालू केल्यावर सापडलं." "वीस मिनिटांनी आपोआप बंद. पंख्याचा आवाज मोठा." "अध्याय ३ उघडताना घड्याळ फिरत राहतं. बाकी फायली उघडतात." मी बरीच वर्षं लोकांचे कॉम्प्युटर बघतोय. लोक "हँग होतो" यापलीकडे काही सांगत नाहीत. इथे निम्मं निदान त्या पानांतच झालं होतं, आणि मुख्य म्हणजे बिघाड एक नव्हता. निदान चार तरी होते आणि एकमेकांत मिसळून ते एकच वाटत होते.

सगळ्यात सोपा होता तारखेचा. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. नावातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तीन व्होल्टचा हा सेल मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवतो आणि बायॉसच्या, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, सेटिंग जपतो. काकूंच्या मशीनमधला सेल मीटरवर दीड व्होल्टही दाखवेना. किराणा दुकानातसुद्धा मिळणारी वस्तू. पण सेल मेला की तारखेबरोबर बाकीच्या सेटिंगही कारखान्याच्या मूळ जागी जातात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. काकूंच्या लॉकचा लपंडाव इथूनच सुरू झाला होता, ते पुढे येईलच.

बाजूचा पत्रा काढला. प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ इतकी घट्ट बसली होती की ती गोधडीच्या तुकड्यासारखी सलग निघाली. पंखा जीव तोडून फिरत होता आणि हवा आत जातच नव्हती. वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायचं कारण हेच, प्रोसेसर तापून स्वतःला वाचवत होता. हीटसिंकखालची, उष्णता पोचवणारी पेस्ट वाळून खडू झालेली; ती खरवडून, स्पिरिटने पुसून नवी लावली. पॉवर सप्लायच्या जाळीतून डोकावलो तर आत एक पाल, वाळून कडक झालेली. साताऱ्यात काय नि पुण्यात काय, आपल्याकडच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे या पॉवर सप्लायमध्ये, पाल निघणं हे काही नवल नाही. उबेला जातात. मी तो डबा उघडण्याच्या फंदात पडलो नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या, वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास भार शिल्लक राहू शकतो, आणि वीस पिनांच्या जुन्या बोर्डाला आजचा वीस अधिक चार पिनांचा नवा सप्लाय बिनतक्रार बसतो. जोडण्याआधी नव्या सप्लायची हिरवी वायर तारेच्या तुकड्याने काळीला टेकवली. पंखा फिरला. मित्र मागून म्हणाला, "म्हणजे बटण एवढंच करतं?" एवढंच करतं.

तरीही बटण चार वेळा दाबावं लागणं काही थांबेना. मग टॉर्च घेऊन प्रोसेसरशेजारच्या कॅपॅसिटरांची रांग बघितली. चांगल्या कॅपॅसिटरचं डोकं सपाट असतं, त्यावर फुलीसारखी खाच असते. इथल्या पाचांची डोकी टम्म फुगलेली, एकाच्या खाचेतून तपकिरी राळेसारखं काहीतरी बाहेर येऊन वाळलेलं. १९९९ ते २००७ या काळात जगभर विकल्या गेलेल्या असंख्य मदरबोर्डांना ही साथ लागली होती. काही कॅपॅसिटरांमधलं इलेक्ट्रोलाइट सदोष निघालं. आत वायू तयार होई, वरचं डोकं फुगे आणि प्रोसेसरला मिळणारा विद्युतदाब स्थिर राहत नसे. नावाजलेल्या कंपन्यांचे बोर्डही त्यातून सुटले नाहीत. मशीन सुरू होताना अडखळायचं ते त्यामुळे. म्हणजे काकूंच्या मशीनमध्ये व्हायरस असता तरी तो या सगळ्यांच्या मागे रांगेत उभा राहिला असता.

कॅपॅसिटर साताऱ्यात मिळाले नाहीत. ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरॅड, १०५ अंशांचे आणि लो ईएसआर, म्हणजे आतला विरोध कमी असलेले, हे शेवटचं महत्त्वाचं. पुण्याला परत आल्यावर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तापकीर गल्लीत फिरलो. पहिल्या दुकानात "सगळे सारखेच असतात साहेब" असं ऐकायला मिळालं, तिथून मुकाट्याने बाहेर पडलो. पुढच्या एका दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी न बोलता ड्रॉवर उघडला, आठ नग मोजून दिले आणि वर विचारलं, "पी-फोर आहे का?" ही माणसं आहेत तोवर चिंता नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा सातारा. मदरबोर्डवरून कॅपॅसिटर काढणं हे रेडिओतला काढण्याइतकं सरळ नसतं. बोर्डात तांब्याचे बरेच थर असतात आणि ते सगळी उष्णता शोषून घेतात. साध्या पंचवीस वॉटच्या आयर्नने शिसं वितळतच नाही, माणूस जोर लावतो आणि भोकाच्या आतलं अस्तर उपटून येतं. म्हणून जाड टोकाचं साठ वॉटचं आयर्न, आधी थोडं नवं शिसं भरायचं, मग एक पाय तापवून कॅपॅसिटर किंचित कलता करायचा, मग दुसरा पाय, असं डुलवत डुलवत काढायचा. नवा बसवताना पट्टीची बाजू ऋण. मित्र टॉर्च धरून उभा. काकू दारातून बघत होत्या, जवळ आल्या नाहीत. वास मात्र त्यांना ओळखीचा वाटला असावा. "टाइपरायटरवाला यायचा तेव्हा रॉकेलचा यायचा," एवढंच म्हणाल्या.

टाइपरायटरचा विषय निघाला तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. पुढे त्यांचे टाइपरायटर सातारा जिल्ह्यातल्याच शिरवळच्या कारखान्यात बनत, आणि २००९ मध्ये ते उत्पादन थांबलं. मराठी टाइपरायटरला कळा मोजक्या आणि आपली अक्षरं अफाट. यावर तोडगा असा काढलेला की अर्धं अक्षर द्यायचं आणि काना वेगळा द्यायचा. अर्धा ग आणि काना मिळून ग. अर्धा स आणि काना मिळून स. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा दाबल्या की गाडी पुढे सरकायची नाही, म्हणजे ते चिन्ह अक्षराच्या वर किंवा खाली बरोबर बसायचं. आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उमटते, म्हणून ती आधीच टाइप करायची. बोलताना आपण 'कि' म्हणतो, क आधी, इ नंतर. काकूंची बोटं मात्र चाळीसेक वर्षं आधी वेलांटी देतात, मग क.

कॉम्प्युटरवर मराठी आलं तेव्हा डीटीपीच्या, म्हणजे छपाईचा मजकूर जुळवायच्या, सॉफ्टवेअरवाल्यांनी हीच व्यवस्था उचलली, कारण हजारो टायपिस्ट तयार होते. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या, आकड्यांच्या आणि विरामचिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. पडद्यावर दिसतं मराठी, फाइलमध्ये साठतं ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. फॉन्ट आहे तोवर झकास. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की नुसती गिचमिड. खरं तर १९९१ सालीच भारतीय मानक ब्युरोने इस्की ही संकेतप्रणाली प्रमाणित केली होती, आणि त्याच वर्षी आलेल्या, जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेतप्रणालीच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण छपाईच्या धंद्यात पुढची कितीतरी वर्षं हे जुने फॉन्टच राज्य करत होते. एक्सपीवर युनिकोड मराठी नीट दिसावं म्हणूनसुद्धा कंट्रोल पॅनलमध्ये एक खूण करून मूळ सीडी घालावी लागे. ती सीडी कुणाकडे असायची?

आता लॉक. हे असलं सॉफ्टवेअर महाग असे आणि त्याची चोरी होऊ नये म्हणून त्याच्याबरोबर काडेपेटीएवढा एक डोंगल मिळे. तो कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टला लावायचा आणि प्रिंटर त्याच्या पाठीवर. डोंगल नसेल तर सॉफ्टवेअर उघडणार नाही. धंद्यातले सगळे त्याला लॉक म्हणत. काकूंनी ते जॉबवर्कच्या पहिल्या वर्षाच्या कमाईतून विकत घेतलेलं, पावती अजून जपलेली. आजच्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो. यूएसबीवरून पॅरलल पोर्ट करून देणाऱ्या वायरी मिळतात, पण त्या प्रिंटरपुरत्या. लॉक ज्या पद्धतीने पिनांशी बोलतं ते त्यांना जमत नाही. म्हणजे मित्राने लाखाचा लॅपटॉप आणला असता तरी काकूंचं सॉफ्टवेअर त्यावर उघडलं नसतं. हा मुद्दा मित्राच्या डोक्यात त्या दिवशी प्रथम शिरला. "मग मला सांगायचं ना तसं," तो आईला म्हणाला. काकू म्हणाल्या, "लॉक, लॉक म्हणून किती वेळा सांगितलं."

डायरीतला लॉकचा लपंडाव आता उलगडला. पॅरलल पोर्ट कोणत्या पद्धतीने चालवायचा हे बायॉसमध्ये ठरतं. सेल मेल्यावर ती सेटिंग बदलून गेली होती आणि बदललेल्या पद्धतीत लॉक कधी उत्तर देई, कधी देत नसे. नवा सेल घातला, पोर्ट साध्या पद्धतीवर आणला, सेव्ह केलं. लॉक पहिल्या हाकेला ओ देऊ लागलं.

राहिली हार्ड डिस्क, "अध्याय ३". डिस्कचं आरोग्य सांगणारी स्मार्ट नावाची नोंद डिस्क स्वतःच ठेवते. त्यात वाचता न येणाऱ्या आणि बदलीच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या साठवणीच्या छोट्या कप्प्यांचा, आकडा वाढलेला होता. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं म्हणजे काय झालं असतं, ते सांगायला नको. अशा वेळी एकच करायचं: डिस्कला जास्त न छळता आधी तिची संपूर्ण नक्कल काढायची. डिस्क सोडवली, मागचा जंपर मास्टरवर आहे ना ते पाहिलं, अडॅप्टरने माझ्या लॅपटॉपला जोडली आणि लिनक्समधलं डीडीरेस्क्यू लावलं. त्याची रीत शहाणपणाची आहे. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलेल्या जागा टिपून पुढे जातं आणि शेवटी सावकाश परत येऊन त्याच जागांवर प्रयत्न करत राहतं. परीक्षेत पोरांना हेच सांगतात, पण ऐकतं कोण. रात्रभर ते चाललं होतं. सकाळी काही थोडे सेक्टर सोडून सगळं उतरलं होतं. "अध्याय ३" नावाची फाइल कुणाच्या तरी प्रबंधाची निघाली. प्रबंधकर्ते केव्हाच डॉक्टर होऊन निवृत्त झालेत, त्यामुळे तिचं दुःख कुणी केलं नाही.

जुन्या, रुंद पट्टीच्या वायरीने जोडायच्या आयडीई डिस्क आता नव्या मिळत नाहीत. १२० जीबीची नव्या साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, आणि मधे एक छोटा बदलकर्ता सर्किट बोर्ड, असं जोडलं. १२० च का, तर अठ्ठावीस बिटांच्या पत्त्यांवर चालणाऱ्या जुन्या व्यवस्थेला १३७ जीबीच्या पलीकडचं दिसत नाही, उगाच पंगा नको. नक्कल जशीच्या तशी उतरवली. एक्सपी उघडलं, तोच हिरव्या टेकडीचा फोटो, आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन काकूंनी जिथे ठेवले होते तिथेच. काकू खुर्चीत बसल्या, माउस न हलवता कीबोर्डवरूनच सॉफ्टवेअर उघडलं आणि एक ओळ टाइप केली. पडद्याकडे त्या बघतही नव्हत्या.

इंटरनेटची वायर मी काढून टाकली. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवलाय. ते मशीन नेटवर ठेवणं म्हणजे चोराला जेवायला बोलावणं. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. नेट त्यांच्या फोनवर आहे.

एवढी धडपड काकूंना कशासाठी हवी होती हे मी मुद्दाम विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. जॉबवर्क बंद होऊन वर्षं झाली. पण त्यांच्या भजनी मंडळाची एक पुस्तिका आहे. माउलींची पालखी दरवर्षी लोणंद, तरडगाव, फलटण अशी जिल्ह्यातून जाते, मंडळातल्या काही जणी लोणंदपासून चालतात, आणि त्यांच्या हातात ही पुस्तिका असते. अभंग छापील गाथेतले, पण मंडळात म्हणायचा क्रम वेगळा, कुठे कोणतं ध्रुपद दोनदा, कुठे कोणती चाल, कुठे कुणी आधी उचलायचं, हे सगळं कंसात. दर वर्षी त्यात भर पडते. हे सगळं त्या कडबोळ्यात बंद.

इथे माझं आणि काकूंचं थोडं वाजलं. मशीन दुरुस्त झालं, पण एसएसडीवरची नक्कल म्हणजे अमरपट्टा नव्हे, आणि लॉक एकदा गेलं की दुसरं मिळणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये काढून ठेवायलाच हवा, हे माझं म्हणणं. "माझी कळ बदलणार असेल तर नको," हे त्यांचं. अखेर असं ठरलं की टाइप त्या जुन्यावरच करतील, आणि मी रूपांतर करीन. मित्राने लॅपटॉप आणलाच. त्यावर युनिकोडचा रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरच्याच कळांचा, कीबोर्ड बसवून दिलाय. तिथे वेलांटी आधी दाबली तरी सॉफ्टवेअर तिला हातात धरून ठेवतं आणि अक्षर आल्यावर त्याच्या मागे नेऊन ठेवतं. काकूंनी दोन ओळी टाइप करून बघितल्या. "अक्षर उशिरा उमटतं," म्हणाल्या आणि झाकण लावलं. खरोखरच उमटतं, पापणी लवण्याएवढं. मला ते त्यांनी सांगेपर्यंत जाणवलं नव्हतं.

रूपांतराचं काम मी पुण्याला बसून करतोय. फॉन्ट उघडून कुठल्या खणात कोणता तुकडा आहे याचा तक्ता केला, त्यावर छोटा प्रोग्रॅम लिहिला. अर्धं अक्षर आणि काना जोडून पूर्ण अक्षर करणं सोपं. वेलांटी मागे सरकवणं त्याहून जरा अवघड, कारण जोडाक्षर असेल तर सगळं जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते. रफार उलटा: डोक्यावर असतो म्हणून तो टाइप होतो अक्षरानंतर, साठवायचा मात्र आधी. आणि मग खास आपला मराठी तिढा, 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'वाऱ्या' यांतला आडवा र. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या तयार कन्व्हर्टरांना तो कळत नाही. पंढरीच्या वाऱ्या करणाऱ्या बायांच्या पुस्तिकेत 'वार्‍या' मोडून 'वार्या' झालं तर कसं चालेल?

पुस्तिकेच्या नव्या प्रती पालखीआधी छापून झाल्या, त्या जुन्याच मशीनवरून. युनिकोड प्रत मी फोनवर पाठवत असतो. काकू ती मुलाकडून छापून घेतात आणि तपासतात, प्रूफ तपासायच्या जुन्या खुणांनी, लाल शाईत. मला फोटो येतात. बहुतेक चुका माझ्या तक्त्यातल्या असतात, त्या सुधारतो. परवा पान सव्वीसवर त्यांनी 'पांडूरंग'ला गोल केला होता आणि समासात लिहिलं होतं, "उकार ऱ्हस्व. प्रोग्रॅम बघणे." मी प्रोग्रॅम बघितला, तक्ता बघितला, मग नकलेतली मूळ फाइल काढून बघितली. २००६ मधली फाइल, आणि तिच्यातच ऊकार दीर्घ. फोन करून तसं सांगितलं.

"असेल," काकू म्हणाल्या. "तेव्हा लाइट सारखी जायची."